एका बाजूनं सुटलेला ब्रिज

ब्रिज म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी, शेजारच्या दातांवर कॅप घालून त्यांच्या आधारानं पक्का बसवलेला खोटा दात. पडलेला ब्रिज पदराच्या गाठीत बांधून कुणी दवाखान्यात आणला, तर मला त्याची फारशी काळजी वाटत नाही. तो धुवायचा, खालचे दात तपासायचे, कीड लागलेली नसेल तर नवं सिमेंट भरून बऱ्याचदा त्याच दिवशी परत बसवता येतो. पंचाईत होते ती न पडलेल्या ब्रिजची. एक टोक सुटलेलं, दुसरं घट्ट, पेशंट त्यावर बिनघोर जेवतोय आणि सुटलेल्या टोकाखाली काय शिजतंय याचा कुणालाच पत्ता नाही. हे प्रकरण अशाच एका ब्रिजचं आहे. पेशंटची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कऱ्हाड तालुक्यातल्या एका गावच्या मावशी, वय ५८. घरी ऊस आणि दोन म्हशी. शुगर आठ वर्षांपासून, त्यासाठी गोळ्या चालू. पूर्वी मिश्री लावायच्या, शुगर निघाली तेव्हा सोडली. तक्रार एवढीच: "दुखत काय न्हाई मॅडम, पर तोंडाला वास येतोय. नातू म्हनतोय, आज्जी, लांब बस."

खालची डावीकडची पहिली मोठी दाढ त्यांनी तिशीतच काढून टाकली होती. आमच्या हिशेबात तिचा नंबर ३६. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तोंडात तेव्हा दुधाचे दात असतात, त्यामुळे कित्येक आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि ते "पडेल नि दुसरी येईल" म्हणून सोडून देतात. कायमच्या दातांत सगळ्यात आधी येणारी आणि बहुतेकदा सगळ्यात आधी जाणारी दाढ हीच. मावशींनी त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं ती जागा रिकामीच ठेवली. मागची दाढ, म्हणजे ३७, मोकळ्या जागेकडे कलली, वरची दाढ थोडी खाली उतरली. मग नऊ वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्यांनी ब्रिज बसवून घेतला. पुढची छोटी दाढ (३५) आणि मागची ३७ चहूबाजूंनी घासून त्यांवर कॅप, मधे खोटा दात, तिन्ही एकमेकांना जोडलेले. धातूचा सांगाडा, वर पांढरं पोर्सेलिन. ३७ चं रूट कॅनाल तेव्हाच झालं होतं, ३५ ची नस जिवंत होती. ब्रिजबद्दल मावशींच्या मनात एकच सल होता, "दात गेलता एक, पैसं घेतलं तिनाचं." ही तक्रार मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. उत्तर असं की कष्ट खरोखर तीन दातांचे असतात आणि जोखीमही.

तोंडात बघितलं तर वरवर सगळं ठीक. पोर्सेलिन कुठं उडालेलं नाही, हिरडी ३५ भोवती जरा लाल. ब्रिज चिमटीत धरून हलवला तर हलत नव्हता. असा ब्रिज तपासायची एक जुनी, फुकटची युक्ती आहे. कॅपच्या कडेशी पाण्याचा एक थेंब राहू द्यायचा, मधल्या खोट्या दाताखाली बोथट हत्यार घालून ब्रिज हलकेच वर उचलायचा, मग बोटानं खाली दाबायचा, आणि नजर त्या थेंबावर ठेवायची. मागच्या दाढेच्या कडेला काही झालं नाही. पुढच्या, ३५ च्या कडेला मात्र दाबल्याबरोबर बारीक बुडबुडे फुटले. उचललं की थेंब आत ओढला जाई, दाबलं की फेस बाहेर. आरशात मावशींनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत हवा हाय म्हंजे?" हवा होतीच. नऊ वर्षांपूर्वी जिथं सिमेंट होतं, तिथं.

एक्स-रेमध्ये धातू पांढराफटक दिसतो आणि आपल्याआडचं सगळं झाकतो, त्यामुळे कॅपच्या आतली कीड त्यात सापडत नाही. पण ३५ च्या मागच्या बाजूला, कॅपची कड संपते त्याच्या जरा खाली, मुळाच्या दिशेनं एक काळपट खळगा होता. मुळाच्या टोकाशीही मसुराच्या डाळीएवढी छोटी काळी सावली. म्हणजे नस मेलेली, किंवा मरणाच्या वाटेवर. मावशींना दुखलं का नाही, याचं उत्तरही त्यातच आहे. कीड सावकाश वाढत गेली, या वयात नसेची पोकळी मुळात आक्रसलेली असते, नस कधी गेली ते कळलंच नाही. गेलेल्या नसेला थंड-गरम लागत नाही. वास येतो.

ब्रिज कापून काढायचा ठरला. काही ठिकाणी ब्रिजला फास अडकवून ठोके मारून तो काढायचा प्रयत्न होतो. एक टोक घट्ट असताना ते मला पटत नाही, कारण सगळा झटका घट्ट टोकाखालच्या दातावर बसतो आणि इथं त्या टोकाखाली रूट कॅनाल झालेली, म्हणजे आधीच पोखरलेली दाढ होती. पोर्सेलिन डायमंड बरनं (बर म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक) आणि खालचा धातू कार्बाइड बरनं कापत मी ३५ ची कॅप आणि खोटा दात यांमधला सांधा तोडला. सांधा तुटताक्षणी ३५ ची कॅप चिमट्यानं उचलली गेली. जोर लावावाच लागला नाही. खोलीत वास पसरला आणि माझ्या असिस्टंटनं न सांगता खिडकी उघडली. ३७ ची कॅप मात्र गालाच्या बाजूनं उभी चिरून, चिरेत चपटं हत्यार घालून फिरवावी लागली, तेव्हा सिमेंट कडकन सुटलं. तिच्याखाली दाढ स्वच्छ, कोरडी, कीड नाही.

३५ वर सिमेंटचा मागमूस नव्हता. तपकिरी, ओलसर, चमच्यासारख्या हत्यारानं पापुद्रे निघावेत इतका मऊ दात. कुजलेलं सगळं काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूला हिरडीवर दोन मिलिमीटर, पुढच्या बाजूला दीड मिलिमीटर निरोगी भिंत उरली. मागच्या बाजूला, म्हणजे रिकाम्या जागेकडं, काहीच नाही. तिथं कीड हिरडीच्या खाली उतरली होती.

आता हा दात का सुटला? लॅबमध्ये ब्रिजचे तिन्ही दात एकाच सांगाड्यात ओतले जातात, त्यामुळे तोंडात तो एकाच दिशेनं सरळ खाली बसला पाहिजे. त्यासाठी दोन्ही खांब, म्हणजे दोन्हीकडचे घासलेले दात, एकमेकांना समांतर हवेत. मावशींची ३७ पुढं कललेली होती. तिच्या कलाला जुळवून घेताना ३५ चारही बाजूंनी जास्त घासली गेली आणि निमुळती झाली. दोन समोरासमोरच्या भिंतींमधला कोन पुस्तकात १० ते २० अंशांच्या आत ठेवायला सांगतात. उरलेल्या दातावरून आणि कॅपच्या आतल्या आकारावरून मला तो ३० च्या पुढं वाटला, आणि उंची जेमतेम तीन मिलिमीटर. बुटक्या, निमुळत्या दातावर कॅप फक्त सिमेंटच्या भरवशावर राहते. मोठी दाढ रुंद आणि भक्कम, तिनं पकड सोडली नाही. मधल्या खोट्या दातावर भाकरीचा घास पडला की कॅपचं पुढचं टोक केसभर उचललं जायचं, घास सरकला की परत बसायचं. हापशाचा दांडा वर-खाली केल्यासारखं रोज तीन जेवणं हे चालू, प्रत्येक वेळी थोडी लाळ आत, थोडं सिमेंट बाहेर. मागचंही टोक सुटलं असतं तर ब्रिज हातात आला असता आणि ३५ वाचली असती.

आधीच्या डॉक्टरांकडं बोट दाखवणं सोपं आहे, पण कललेल्या दाढेला दुसरा मार्ग तेव्हाही सोपा नव्हता. कल २५-३० अंशांपलीकडं असेल तर दाढ आधी तारा लावून सरळ करतात. मावशींचा कल त्याहून कमी होता, आणि पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईला "आधी वर्षभर तारा लावा" म्हटलं तर ती जिन्यावरूनच परत जाते. मला खटकलं ते वेगळं. नऊ वर्षांत या ब्रिजचा एकही एक्स-रे निघालेला नव्हता. ब्रिज बसला की पेशंटच्या लेखी त्या दातांचा विषय संपतो, आणि दवाखान्यालाही तो पुन्हा काढायची गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन आला. आयटीत आहे, सगळं वाचून बोलत होता. "मॅडम, आता कोण ब्रिज करतं? डायरेक्ट इम्प्लांट टाका ना आईला." बरोबर प्रश्न आहे. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात. त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा असा की त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासावे लागत नाहीत. विशीतल्या मुलीचा एक दात अपघातात गेला आणि दोन्हीकडचे दात कोरे असतील, तर मीही ब्रिजचं नाव काढत नाही. पण मावशींचे शेजारचे दोन्ही दात आधीच घासलेले होते, आणि ब्रिज करा वा न करा, दोघांनाही कॅप लागणारच होती. तो मुद्दा इथं उरतच नव्हता. टिकण्याचं म्हणाल तर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पद्धतशीर आढाव्यात दोन्ही टोकांना आधार असलेले ब्रिज दहा वर्षांनी शंभरातले सुमारे ८९ तोंडात होते, आणि एकेका दाताचे इम्प्लांटही सुमारे ८९. एकाच टोकावर लोंबकळणारे ब्रिज मात्र ८० वर आले होते. मुलाला मी हे आकडे सांगितले. तो म्हणाला, "मग दोन्ही सारखंच?" सारखं नाही, कारण बिघडतात त्या वाटा वेगळ्या. इम्प्लांट बिघडला तर स्क्रू ढिला होतो, भोवतीचं हाड झिजतं. ब्रिज बिघडतो तो खांबाला कीड लागून, नस मरून, पकड सुटून. आणि तीन दात जोडलेले असल्यानं एकाचा बिघाड तिघांचा होतो. मावशींच्या तोंडात नेमकं तेच झालं होतं, त्यामुळे मुलाच्या शंकेत दम होता.

जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला. दाढ जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली, हाड वरच्या कडेला साडेचार मिलिमीटर रुंद उरलेलं. चार मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट घालायचा तर दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर हाड हवं, म्हणजे निदान सात. जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या नळीच्या वर उंची पुरेशी होती, रुंदी नव्हती. आधी हाड भरा, महिने थांबा, मग इम्प्लांट, मग आणखी थांबा. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, ८.६ आली होती. एवढ्या शुगरवर हाड भरायला मी तयार नव्हते. खर्च मेटल-सिरॅमिक ब्रिजच्या तिप्पट-चौपट. आणि मावशींचं म्हणणं, "जबड्यात खिळा नको बाई."

काढता-घालता येणारा दात हा सगळ्यात स्वस्त पर्याय. मावशींनी तो एका वाक्यात निकालात काढला, "रानात काढून ठिवला तर सापडंल का?" काहीच न करणं हाही एक पर्याय असतो, आणि तो आम्ही पेशंटला सांगतच नाही. १९८१ मध्ये नेदरलँड्सच्या कायझर यांनी दाखवून दिलं की मागच्या काही दाढा नसल्या तरी समोरासमोर टेकणाऱ्या दहा जोड्या शाबूत असल्या तर पुष्कळांचं जेवण व्यवस्थित चालतं. पण मावशी डावीकडून चावायच्या, उजवीकडची दाढ किडलेली. त्यांना डावी बाजू हवी होती.

राहिला ब्रिज, पण कुठून कुठपर्यंत? मुलानं विचारलं, "अजून एक पुढचा दात धरला तर भक्कम नाही का होणार?" म्हणजे ३४ ही घासायची आणि चार दातांचा करायचा. हा मोह डॉक्टरांनाही होतो. १९२६ मध्ये आन्टे यांनी एक ठोकताळा मांडला, तो आजही शिकवतात: खांबांच्या मुळांचं क्षेत्रफळ निदान गेलेल्या दाताच्या मुळांएवढं असावं. खालच्या दुसऱ्या छोट्या दाढेच्या मुळाचं क्षेत्रफळ सरासरी २०७ चौरस मिलिमीटर, दुसऱ्या मोठ्या दाढेचं ४२६. बेरीज ६३३. गेलेल्या पहिल्या दाढेचं ४३१. म्हणजे ३५ आणि ३७ मिळून हिशेब आरामात बसतो, ३४ ला हात लावायची गरज नाही. आता ३५ च काढून टाकली तर बघा: खांब ३४ (१८०) आणि ३७, बेरीज ६०६, आणि गेलेले दात दोन, ६३८. हिशेब फसतो. शिवाय खोट्या दातांची लांबी दुप्पट झाली की ब्रिज वाकतो आठपट, कारण वाकणं लांबीच्या घनानं वाढतं. पोर्सेलिनला वाकणं सोसत नाही, सिमेंटलाही नाही. आन्टेंचा नियम काही दगडावरची रेघ नाही. हिरड्यांच्या आजारात हाड निम्मं झिजलेल्या दातांवरही नीट राखलेले ब्रिज वर्षानुवर्षं टिकल्याची उदाहरणं आहेत. पण इथं दोन्ही गणितं एकाच गोष्टीवर येऊन थांबत होती: ३५ वाचते का?

कॅपच्या कडेला धरायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर खराखुरा दात लागतो. आम्ही त्याला फेरूल म्हणतो. ते नसेल तर आत कितीही भारी पोस्ट (मुळात रोवायची आधाराची काडी) घाला, दात आज ना उद्या मुळाशी उभा चिरतो किंवा पोस्टसकट कॅप बाहेर येते. ३५ ला मागच्या बाजूला फेरूल शून्य होतं. एरवी अशा ठिकाणी हिरडी आणि थोडं हाड छाटून दात वर "काढणं" धोक्याचं, कारण शेजारच्या दाताचं हाडही त्यात जातं. इथं मात्र ती बाजू रिकाम्या जागेकडं होती. शेजारी कुणी नव्हतंच, ज्याचं नुकसान होईल. या एका गोष्टीनं माझा निर्णय झाला. मुलाला सांगितलं: आधी छोटी शस्त्रक्रिया करू. दोन मिलिमीटर दात मिळाला तर ब्रिज. नाही मिळाला तर ३५ काढू, आणि मग तुम्ही म्हणताय तो इम्प्लांटचा रस्ता, शुगर आणि पैसे दोन्ही जुळून आले की.

शुगर आधी खाली आणणं भाग होतं. त्यांच्या फिजिशियननी गोळ्या बदलल्या, आणि मावशींनी चहातली साखर सोडली, जे गोळ्यांपेक्षा अवघड होतं. तेवढ्यात ३५ चं रूट कॅनाल रबर डॅम, म्हणजे दातापासून लाळ लांब ठेवणारा रबराचा पडदा, लावून उरकलं. एकच नळी होती, सरळ. मधल्या काळासाठी दोन्ही खांबांवर प्लॅस्टिकचा तात्पुरता ब्रिज बसवून दिला आणि कडक काही खायचं नाही असं बजावलं. संक्रांतीनंतर त्या दोन तुकडे घेऊन आल्या. शेंगदाण्याची चिक्की. तुकडे जोडून परत बसवले. त्यावरून एक कळलं: मोडला तो सांधा, आणि तोही पुढच्या बाजूचा. मावशींच्या चावण्याचा जोर कुठं येतो हे चिक्कीनं दाखवून दिलं.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.४ झालं. शस्त्रक्रिया अर्ध्या-पाऊण तासाची. ३५ च्या आसपास एक काळजी असते. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या भागात, छोट्या दाढांच्या मुळांच्या टोकांजवळच्या छिद्रातून बाहेर पडते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो. म्हणून उभा छेद तिथं घेतलाच नाही, हिरडी दातांच्या कडेनंच सोडवली. मागच्या बाजूचं हाड थोडं छाटलं, दात खाली तपासला. निरोगी, टणक, हत्यार घासलं की किर्र आवाज. टाके घातले. सहा-आठ आठवडे हिरडी स्थिरावू दिली. मागच्या बाजूला दोन मिलिमीटर दात उघडा झाला होता.

मग फायबर पोस्ट. मुळाच्या टोकाकडचं पाचेक मिलिमीटर भरण तसंच ठेवून वरच्या भागात पोस्ट चिकटवली आणि तिच्याभोवती कॉम्पोझिटनं दात उभा केला. हा नवा उभारलेला भाग घासणं माझ्या हातात असल्यानं निमुळतेपणाचा जुना दोष इथं दुरुस्त करता आला. भिंती जवळजवळ समांतर केल्या, उंची चार मिलिमीटरच्या आसपास आणली, आणि गालाच्या व जिभेच्या बाजूनं एकेक उभी खाच दिली. ब्रिज पुढं-मागं उलटू बघतो तेव्हा याच खाचा त्याला अडवतात. ३७ लाही तशाच खाचा दिल्या.

मटेरियलवरून मुलाशी पुन्हा एक फेरी झाली. त्याला झिर्कोनिया, म्हणजे धातूशिवायचं पांढरं कडक सिरॅमिक, हवं होतं. झिर्कोनिया उत्तमच, पण मागच्या तीन दातांच्या ब्रिजला त्याचा सांधा साधारण ९ चौरस मिलिमीटरचा लागतो. मावशींची ३७ बुटकी. एवढा जाड सांधा दिला तर त्याखाली ब्रश घालायला फटच उरत नव्हती. धातूचा सांधा त्याहून बारीक चालतो. म्हणून कोबाल्ट-क्रोमवर पोर्सेलिन. वरची दाढ खाली उतरलेली असल्यानं ३७ वर जागा कमी होती, तिथं पोर्सेलिनसाठी दाढ आणखी दोन मिलिमीटर घासण्याऐवजी चावायची बाजू धातूचीच ठेवायचं ठरवलं. पांढरा नाही दिसणार, असं मावशींना आधीच सांगितलं. "मागं कोन बगतंय," त्या म्हणाल्या. पुढच्या दोन दातांना ए३ शेड.

हिरडीत दोरा घालून कड उघडी केली, सिलिकॉननं माप घेतलं. लॅबला चिठ्ठीत खोट्या दाताबद्दल जरा लांब लिहावं लागलं. तो हिरडीवर पूर्ण बसलेला नको, गालाच्या बाजूनं फक्त टेकलेला, जिभेच्या बाजूनं मोकळा, आणि खालचा पृष्ठभाग बाहेरून फुगीर हवा, खोलगट नको. खोलगट असला तर तिथं कुठलाच ब्रश पोचत नाही. मेटल ट्रायलला, म्हणजे नुसता धातूचा सांगाडा तोंडात घालून बघताना, ३५ ची कड मागच्या बाजूला किंचित आखूड आली. पुन्हा माप घेतलं, सांगाडा नवा करवला. लॅबवाला कुरकुरला. ब्रिजच्या आयुष्यात ही एकच वेळ असते जेव्हा ही कड डोळ्यांनी दिसते, नंतर नाही.

बसवताना निळ्या कागदावर "चावा, घासा, उंच लागतंय का" हा नेहमीचा कार्यक्रम झाला. जुळवून घेतल्यावर रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर सिमेंटनं पक्कं केलं आणि कडेचं उरलेलं सिमेंट एकूणएक काढलं.

साफसफाईसाठी आधी सुपरफ्लॉस दिला. खोट्या दाताखालून ओवायचा जाड दोरा तो. पंधरा दिवसांत मावशींनी हात टेकले, "ह्यो दोरा माझ्याच्यानं हुईना." मग छोटा इंटरडेंटल ब्रश दिला, बाटली धुवायच्या ब्रशची अगदी लहान आवृत्ती. गालाच्या बाजूनं खोट्या दाताखाली घालायचा, चार वेळा आत-बाहेर, मग दोन्ही खांबांच्या आतल्या अंगाला. तो त्यांना जमला. आता तो मिश्रीच्या जुन्या डबीत असतो, असं सून सांगत होती.

दीड वर्ष झालंय. दर सहा महिन्यांनी त्या येतात, म्हणजे आम्ही फोन करतो तेव्हा येतात. प्रत्येक वेळी तीच थेंबाची तपासणी, दोन्ही टोकांना. बुडबुडा नाही. वर्षानं काढलेल्या एक्स-रेमध्ये ३५ च्या टोकाची काळी सावली बरीच भरून आलीय. वास गेला. खोट्या दाताखाली ज्वारीचा कोंडा अजूनही अडकतो, तो ब्रशनं निघतो. एचबीए१सी ७.२.

फाइलवर पुढचं लिहून ठेवलंय, कारण तेव्हा मी असेन किंवा दुसरं कुणी असेल. ३५ हा या ब्रिजचा कच्चा खांब आहे. तो गेला तर ब्रिज ३७ आणि खोट्या दाताच्या मधल्या सांध्यात कापायचा. ३७ ची कॅप तशीच ठेवायची. ३४ घासायची नाही. ३५ आणि ३६ च्या जागी काय करायचं ते तेव्हाच्या हाडावर आणि शुगरवर. हे मावशींना आणि मुलालाही सांगितलंय, दोघांच्या सह्या आहेत.

उजवीकडची तीच पहिली दाढ बरीच किडलीय, पण अजून काढण्यासारखी नाही. तिचं रूट कॅनाल करायचं ठरलंय. मावशी म्हणाल्या, कारखान्याचा दुसरा हप्ता जमा झाला की येते.